शेतकऱ्याकडे तोंड केलेला पडदा : सीमाभागातील डिजिटल विषमतेची चिकित्सा

कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ प्रकल्पावरील लेखनात एका गोष्टीचे आवर्जून कौतुक होते. तालुका कचेरीतील खिडकीवर दोन पडदे बसविण्यात आले. एक कर्मचाऱ्यासमोर आणि दुसरा शेतकऱ्याकडे तोंड करून. आपल्या नोंदीचे काय चालले आहे ते शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण पडद्यावरचा मजकूर कन्नडमध्ये होता. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागात त्या पडद्यासमोर उभा राहणारा माणूस पुष्कळदा मराठी किंवा उर्दू शाळेत दोन-चार इयत्ता शिकलेला असतो. त्याला पडदा दिसतो, वाचता येत नाही.

डिजिटल विषमतेची आपल्याकडील चर्चा नेमकी हीच गोष्ट विसरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चर्चा असते ती संगणक किती घरांत आहे, इंटरनेट किती घरांत आहे याची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत (2017-18) इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भारतात सुमारे 15 टक्के, तर शहरी भारतात 42 टक्के आढळली. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. परंतु इंटरनेट ‘वापरता येते’ की नाही हे ठरविताना त्या पाहणीने संकेतस्थळ उघडणे, ई-मेल, समाजमाध्यमे एवढेच पाहिले. समोर आलेला मजकूर कोणत्या लिपीत आहे आणि ती लिपी वापरणाऱ्याला येते का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

मार्क वॉर्शॉर यांचे 2003 चे ‘टेक्नॉलॉजी अँड सोशल इन्क्लुजन’ हे पुस्तक या बाबतीत अधिक सावध आहे. दिल्लीच्या वस्तीत भिंतीत बसविलेल्या संगणकाच्या प्रयोगापासून ते सुरू होते. मुले कळ दाबायला आपोआप शिकली, पण त्यांना येणाऱ्या हिंदीत तेथे खास मजकूर नव्हता, म्हणून ती चित्रे काढीत आणि खेळ खेळत राहिली, असे निरीक्षण ते नोंदवितात. यंत्र मिळाले म्हणजे दरी मिटली, हा समज त्यांनी खोडून काढला, हे मोठेच काम. मात्र आपल्या सीमाभागात प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिल्लीच्या मुलांची भाषा निदान त्यांच्या राज्याची भाषा होती. येथे इंग्रजीऐवजी राज्यभाषा आणली तरी एक मोठा वर्ग खिडकीबाहेरच राहतो.

हा पेच जुना आहे. निजामाच्या राजवटीत महसुलाचा कारभार उर्दूत चाले. तेव्हा मराठी आणि कन्नड बोलणारे रयत कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जात. 1956 च्या पुनर्रचनेनंतर कन्नड वाचकाची सोय झाली, ते योग्यच झाले, आणि उर्दू वाचक बाकीच्यांच्या रांगेत आला. संगणकाने ही रांग निर्माण केली नाही. पण तिची दखलही घेतली नाही.

‘भूमी’चे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटी नोंदी संगणकावर आल्या, 15 रुपयांत पहाणी मिळू लागली, हस्तलिखित उतारे बंद झाले, तलाठ्याची मनधरणी कमी झाली. सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये या प्रकल्पावर कठोर टीका केली, ती मुख्यतः बंगळूर परिसरातील जमीन-व्यवहारांच्या अंगाने. बीदरकडून पाहणाऱ्याला वेगळी गोष्ट दिसते. कागद देणारा बदलला, कागद वाचून दाखविणारा मात्र राहिलाच. फक्त तो आता झेरॉक्सच्या दुकानात बसतो.

उर्दूची स्थिती तर आणखी बिकट होती. इनपेजमध्ये जुळविलेला नस्तालिक मजकूर इंटरनेटवर तसाच चढत नसे. म्हणून अनेक उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे पानांची छायाचित्रे टाकीत राहिली, आणि छायाचित्रातला शब्द शोधून सापडत नाही. आता तो अडसर बराच दूर झाला आहे, तरी आमचे विद्यार्थी मराठी आणि उर्दू दोन्ही रोमन अक्षरांत लिहितात. (वर्गात त्यावर मी रागावतो. भ्रमणध्वनीवर मात्र मीही तेच करतो.)

तरुण पिढी शाळेत कन्नड शिकते, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल, असा एक आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पण जमीन बहुधा तरुणांच्या नावावर नसते.

मागे भालकी तालुक्यातील एक विद्यार्थी पहाणीचा उतारा घेऊन आला. “सर, यात आजीचं नाव आहे का बघा. अम्मी म्हणते, नाही.” नाव चढवून देतो म्हणून गावातल्या एका मध्यस्थाने पैसे मागितले होते. मी दोन भाषा शिकवितो, कन्नड मात्र अक्षर लावून वाचतो. त्याचेही कन्नड परीक्षेपुरतेच. दोघांनी बोट ठेवून रकाने वाचले. नवव्या रकान्यात आजोबांच्या नावाखाली आजीचे नाव होते, स्पष्ट छापलेले. त्याने उताऱ्याचा फोटो काढला, त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि घरी पाठविला. सोबत आवाजी संदेश, कारण अम्मीला तो फोटोही वाचता आला नसता.