द्वितीय पुरुषातील गुन्हा : ‘टॉर्न’ या शब्दाधिष्ठित खेळाचे एक वाचन

गुन्ह्याच्या कथेचा वाचक बहुधा साक्षीदार असतो. दोस्तोयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६) वाचताना कुऱ्हाड रास्कोल्निकोव्हच्या हातात असते. आपला हात पान उलटण्यापुरता गुंतलेला असतो. परंतु वाचकाच्याच हाती गुन्हा सोपविणारी संहिता समोर आली, तर वाङ्मयसमीक्षेची प्रचलित परिभाषा कितपत पुरी पडते? प्रस्तुत निबंधात हा प्रश्न ‘टॉर्न’ या इंग्रजी ऑनलाइन खेळाच्या आधारे तपासावयाचा आहे. जो चेडबर्न यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा खेळ आजही चालू आहे. त्यात त्याच नावाचे एक कल्पित नगर असून खिसे कापणे, दुकानातून माल लांबविणे, घरफोडी, जाळपोळ हे तेथील व्यवसाय आहेत. चित्रे आहेत, पण ती दुय्यम. कृती घडते ती मुख्यतः वाक्यांतून.

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात नोंदविणे आवश्यक आहे. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये रचावयास घेतलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी वाढविलेला ‘मड’ हा अशा खेळांचा मूळपुरुष होय. शब्दांनी उभे केलेले स्थळ आणि खेळणाऱ्याला उद्देशून येणारे द्वितीय पुरुषी निवेदन या दोन्ही गोष्टी तेथूनच पुढे आल्या. अशा संहितांसाठी एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात ‘अर्गोडिक’ ही संज्ञा योजिली. श्रम आणि मार्ग या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती सिद्ध झाली आहे. वाट वाचकाने श्रमाने काढावी लागते, हा तिचा आशय.

‘टॉर्न’मध्ये मात्र या श्रमाचे स्वरूप वेगळे आहे. येथील खरा श्रम म्हणजे प्रतीक्षा. गुन्ह्यासाठी लागणारे ‘धैर्य’ दर पाच मिनिटांनी एका अंशाने भरते. व्यायाम आणि हल्ले यांना लागणारी ‘ऊर्जा’ दर पंधरा मिनिटांनी पाच अंशांनी. खरे पैसे मोजणाऱ्यांची ऊर्जा अधिक वेगाने भरते. म्हणजे या नगरातील वर्गभेद हा मुळात वेळेचा भेद आहे. गुन्हा फसला तर तुरुंग, मारामारीत हरलो तर रुग्णालय. आणि दोन्हींचा अर्थ एकच, ठरावीक काळ थांबणे. रास्कोल्निकोव्हची शिक्षा न्यायालयाआधीच, त्याच्या मनात सुरू होते. येथे ती घड्याळात सुरू होते आणि घड्याळातच संपते. पश्चात्तापाला संहितेने जागाच ठेवलेली नाही.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलकाशी तुलना केल्यास ही उणीव अधिक स्पष्ट होते. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या भिंतीला खिंडार पाडतो, तेव्हा खिंडाराच्या आकाराचाही विचार करतो आणि मापासाठी यज्ञोपवीताचा उपयोग करतो. चौर्य तेथे शास्त्र आहे, कला आहे आणि मदनिकेच्या मुक्तीचे साधनही आहे. कौशल्य ‘टॉर्न’मध्येही सरावाने वाढते, पण त्याला ‘कशासाठी’ विचारणारे कोणी नाही. यज्ञोपवीताचे माप करणारा ब्राह्मण आपली लाज आपल्यासोबत वागवितो. या खेळातील घरफोड्याला भूतकाळ नसल्याने लाजही नाही.

मग या संहितेला नैतिक परिमाणच नाही काय? काही महिने खेळल्यानंतर प्रस्तुत लेखकाचे उत्तर बदलले. संगणकाने रचलेल्या घरांत चोरी करताना मनावर ओरखडाही उठला नाही. परंतु दुसऱ्या खेळाडूला हरविल्यावर तीन पर्याय समोर येतात : त्याला सोडून देणे, लुबाडणे किंवा रुग्णालयात धाडणे. लुबाडल्यास त्याच्याजवळच्या रोख रकमेचा काही भाग आपला होतो. ती रक्कम कोणा प्रत्यक्ष माणसाने प्रतीक्षेतून जमविलेली असते. मी लुबाडले, आणि त्या दिवशी पुन्हा खेळ उघडवला नाही. पुढे मीच तुरुंगात असताना एका अनोळखी खेळाडूने मला सोडविले. असा प्रयत्न फसल्यास सोडविणाऱ्यालाच तुरुंगवास घडू शकतो. या नगरातील सर्वांत निःस्वार्थ कृत्य हेही नियमाने गुन्हाच असते, हा विरोधाभास कोणत्याही एका वाक्यात लिहिलेला नाही. तो दोन वाचकांच्या दरम्यान घडतो.

येथेच भारतीय भाषांच्या अभ्यासकासाठी एक कळीचा प्रश्न उद्भवतो. वर्गात या खेळातील निवेदनाचा अनुवाद करू पाहताना पहिल्याच शब्दाशी अडखळावे लागले. इंग्रजीतील ‘यू’ सर्वांना सारखाच. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’? हिंदीत ‘तू’, ‘तुम’, ‘आप’. बंगालीत ‘तुइ’, ‘तुमि’, ‘आपनि’. ‘तू पाकीट मारलेस’ या वाक्यात आरोप ऐकू येतो, ‘तुम्ही पाकीट मारलेत’ यात उपरोध. इंग्रजी निवेदक खेळणाऱ्याशी कोणतेच नाते न जोडता बोलू शकतो, आणि गुन्ह्याचा हलकेपणा बऱ्याच अंशी या तटस्थतेवर उभा आहे. आपल्या भाषांत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे ठरविल्याशिवाय क्रियापदच पुरे होत नाही. अनुवाद करताच निवेदकाला न्यायाधीश, साथीदार किंवा हुजऱ्या व्हावे लागते.

या खेळातील गद्य बहुतांशी पुनरावृत्त आणि हिशेबी आहे, हे मान्य केले पाहिजे. वाक्याच्या सौंदर्यावर त्याचे मूल्यमापन केल्यास हाती फारसे काही लागणार नाही. त्याचे वाङ्मयीन मूल्य वाक्यात नसून संबोधनात आहे. वाचकाला कर्त्याच्या जागी बसविणारी आणि त्याच्यासमोर दुसरा जिवंत वाचक उभा करणारी ही रचना आहे. दायित्वाचा प्रश्न ती स्वतः विचारत नाही. तिला मराठीत आणू पाहणाऱ्याला मात्र तो पहिल्याच सर्वनामापाशी विचारावा लागतो.