एका वाइनची दोन वाचनं

वाइनवरचा अभिप्राय म्हणजे तीन-चार ओळींचा मजकूर. रंग, गंध, चव आणि शेवटी गुण. बाटली घ्यायची की नाही हे ठरलं की वाचक तो विसरून जातो. शातो पावी या फ्रेंच घराण्याच्या २००३ सालच्या लाल वाइनवर २००४च्या वसंतात लिहिले गेलेले दोन अभिप्राय मात्र मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी तिला वीसपैकी बारा गुण दिले. त्यांच्या मोजपट्टीत बाराचा अर्थ सदोष किंवा तोल गेलेली वाइन असा होतो. अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी तिला शंभरपैकी पंचाण्णवच्या पुढचं, असामान्य वाइनसाठी राखलेलं स्थान दिलं. दोघंही जाणकार, दोघंही प्रामाणिक आणि पिंपात मुरणारी वाइन एकच. तरीही इतकं अंतर का पडलं, हे त्या मजकुरांतच शोधता येतं.

आधी ती वाइन समजून घ्यायला हवी. बोर्दो प्रांतातल्या सांत-एमिलियों गावाजवळ, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर पावीचे मळे आहेत. माती चुनखडीची आणि चिकणमातीची. द्राक्ष मुख्यतः मर्लो, जोडीला काबर्ने फ्रां आणि थोडं काबर्ने सोव्हिन्यों. पूर्वी सुपरमार्केटच्या व्यवसायात असलेल्या जेरार पेर्स यांनी १९९८ साली हे घराणं विकत घेतलं आणि त्याची चाल बदलली. वेलीवर घड कमी ठेवायचे, द्राक्ष पुरतं पिकू द्यायचं, वाइन दाट आणि भरदार करायची. सल्लागार होते मिशेल रोलाँ. आपल्याकडच्या ग्रोव्हर वाइनलाही त्यांचाच सल्ला लाभला होता.

त्यात २००३चा उन्हाळा आला. ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं दगावली. मी राहतो त्या जर्मनीत कार्ल्सरूह आणि फ्रायबुर्ग इथे पारा ४०.२ अंशांवर गेला. अशा उन्हात वेल पानांची रंध्रं मिटून घेतो आणि त्याची वाढ थबकते. फळातलं पाणी आटून साखर दाटते, आम्लता उतरते. पण साल आणि बी यांचा तुरटपणा पिकायचा राहून जातो. नाशिकचा बागायतदार पावसाळ्यानंतर छाटणी करतो आणि कडक उन्हाळ्याआधी वाइनची द्राक्षं खुडतो, त्यामागे ही उन्हाची धास्तीही आहे. बोर्दोच्या शेतकऱ्याला हंगाम असा फिरवता येत नाही.

आता रॉबिन्सन यांचा अभिप्राय. सुरुवातीलाच त्या म्हणतात की अतिपक्व गंधाने इथे भूकच मरते. गंधाचं नाव सांगण्याआधी त्या शरीराची प्रतिक्रिया सांगतात. बोर्दोची वाइन जेवणाला साथ देण्यासाठी असते, तिने अन्नाची इच्छा जागवावी, ही त्यांची सगळी भूमिका त्या एका निरीक्षणात आली आहे. मग त्या पोर्ट वाइनसारख्या गोडव्याचा उल्लेख करतात आणि बजावतात की पोर्ट हवी तर ती पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातून यावी. पुढे त्यांना ही वाइन बोर्दोपेक्षा उशिरा तोडलेल्या झिनफँडेल द्राक्षांच्या वाइनची आठवण देते आणि त्याच दमात त्यांना तिच्यात नकोशी हिरवट छटाही जाणवते.

घाईने वाचणाऱ्याला ही विसंगती वाटेल. जे अतिपक्व आहे ते हिरवं कसं? मला हीच या अभिप्रायातली सर्वांत मोलाची जागा वाटते. साखर पुढे धावली आणि साल मागे राहिली, ही त्या उन्हाळ्याची मूळ गोष्ट होती. वाक्य नीटनेटकं दिसावं म्हणून रॉबिन्सन दोहोंतली एक नोंद गाळू शकल्या असत्या. त्यांनी ती गाळली नाही. जिभेला परस्परविरोधी वाटलेलं जसंच्या तसं लिहायला धाडस लागतं. त्यांचा शेवटचा निवाडा मान्य नसलेल्यानेही या निरीक्षणाला दाद द्यावी.

पार्कर यांचा मजकूर वेगळ्या श्वासाचा आहे. त्यांच्या लेखी ही वाइन मोजमापाच्या पलीकडे गेलेली आहे. समृद्धी, खनिजता, रेखीवपणा आणि उमदेपणा असे गुण ते एकामागून एक मांडतात आणि सांत-एमिलियोंच्या एका थोर भूमीचं सार यात उतरलं आहे असं सांगतात. स्तुतीचा हा पूर पाहून त्यांना निव्वळ दाटपणाचा मोह पडला, असा आरोप झाला. पण क्रम पाहा. समृद्धीच्या लगेच पुढे खनिजता आणि रेखीवपणा आहे. नुसत्या जाड, गोड वाइनवर भाळलेल्या माणसाला हे दोन शब्द सुचले नसते. चुनखडी आणि चिकणमाती पाणी धरून ठेवतात, आणि होरपळीच्या वर्षी अशा जमिनीवरच्या वेलींना त्याचा आधार मिळतो. एवढ्या भरदारपणाच्या आतही पार्कर यांच्या जिभेला एक रेष लागली आणि ती त्यांनी नोंदवली. १९८२च्या उबदार हंगामाला त्यांनी भरभरून दाद दिली, तिथून त्यांचं नाव झालं होतं. उदार, पिकलेल्या बोर्दोवर त्यांचं प्रेम जुनं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की लक्षात येतं की दोघांचा पुरावा बराचसा सारखा आहे. पक्वता, दाटपणा, गोडव्याकडे झुकणारा भरदारपणा यांबद्दल फारसा वाद नाही. त्याहून नवल म्हणजे दोघांची कसोटीही एकच आहे: भूमी. रॉबिन्सन म्हणतात, या वाइनला आपलं गाव आठवत नाही. पार्कर म्हणतात, गावाचं सारच तिच्यात आलं आहे. कुमार गंधर्वांचं गाणं ऐकून एकाच बैठकीतून उठलेल्या दोन जाणत्या श्रोत्यांमध्ये असाच वाद होत असे. घराण्याची शिस्त मोडली, असं एकाला वाटे. रागाचा गाभा आज प्रथमच दिसला, असं दुसऱ्याला. दोघांची रागावर निष्ठा असे. राग कुठे राहतो, मळलेल्या वाटेत की गाभ्यात, एवढाच प्रश्न असे. पावीच्या बाबतीतही भूमी कुठे राहते, परंपरेने ठरलेल्या चवीत की त्या वर्षी मातीने आणि उन्हाने मिळून जे दिलं त्यात, हाच खरा प्रश्न होता.

दुर्दैवाने पुढचा वाद या प्रश्नावर टिकला नाही. तो ब्रिटिश चव विरुद्ध अमेरिकन चव असा झाला. ब्रिटिश समीक्षक क्लाइव्ह कोट्स यांनी तर ही वाइन चांगली म्हणणाऱ्याचा मेंदू आणि जीभ दोन्ही बदलायला हवीत अशा अर्थाचं लिहिलं. वादाचे असे तट कसे पडतात ते मी राहतो त्या हेर्त्सोगेनआउराखला चांगलं ठाऊक आहे. आडी आणि रुडोल्फ डासलर हे दोघे भाऊ १९४८ साली वेगळे झाले. एकाची आदिदास, दुसऱ्याची पूमा. आउराख नदीकाठचं हे छोटं गाव पुढे कित्येक वर्षं विभागलेलं राहिलं. समोरच्याशी बोलण्याआधी लोक त्याच्या पायांतले बूट पाहत, म्हणून याला खाली झुकलेल्या मानांचं गाव म्हणत. २००९च्या सप्टेंबरात दोन्ही कंपन्यांची माणसं एकत्र फुटबॉल खेळली तेव्हा ती मोठी बातमी झाली. पक्ष आधी ठरला की समोरचं नीट दिसत नाही. पावीच्या वादातही पुष्कळांनी पेला उचलण्याआधी समीक्षक निवडला होता.

काश्मिरी आचार्य अभिनवगुप्तांनी रसास्वादातली विघ्नं सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात अडकून पडणं हेही एक विघ्न आहे. पक्ष घेऊन चाखणं हा त्याचाच प्रकार. वैयक्तिक आवड असणं हे मात्र विघ्न नव्हे. रॉबिन्सन आणि पार्कर दोघांनाही ठाम आवड होती. पण ती त्यांनी निरीक्षणांच्या आधारे उघड मांडली, म्हणून इतक्या वर्षांनंतरही त्यांचे मजकूर तपासता येतात. भूक मरणं, हिरवट छटा, खनिजता, रेखीवपणा या त्यांच्या नोंदी आहेत. बारा गुण आणि पंचाण्णवच्या पुढचं स्थान हे त्या नोंदींना त्यांनी लावलेले भाव आहेत. वाचकाने नोंदी घ्याव्यात आणि भाव स्वतःचा लावावा.

यातला कोणताही एक अभिप्राय वाचून पावी २००३ची अर्धीच ओळख होते. पहिल्याने उन्हाळा कळतो, दुसऱ्याने जमीन. वाइन दोहोंनी मिळूनच घडली होती. म्हणून एकमत न झालेले असे दोन प्रामाणिक अभिप्राय मला एकमताच्या दहा कौतुकांपेक्षा मोठी देणगी वाटतात.