मूकनाट्याची तालीम आणि समीक्षकांचे मौन

अठराव्या शतकातील इंग्रजी रंगभूमीवर अलीकडे जे ग्रंथ निघत आहेत, त्यांत लंडनचा नाटकगृहचालक आणि मूकनट जॉन रिच याच्या मूकनाट्यांना सन्मानाचे पान मिळू लागले आहे, हे पाहून वास्तविक संतोष व्हावा. परंतु ते पान वाचून होते न होते तोच मन उद्विग्न होते, कारण त्यात या नाट्यांचा विदूषक-नायक हार्लेक्विन याच्या काळ्या मुखवट्याआड तत्कालीन पंतप्रधान वॉल्पोलचा चेहरा शोधलेला असतो, किंवा उडत्या रथांची नि अजगरांची मोजदाद केलेली असते, आणि ज्या परिश्रमावर हा सारा डोलारा उभा होता त्या तालमीविषयी चकार शब्द नसतो. राजकीय रूपके काढणाऱ्यांविषयी एवढेच म्हणणे पुरे की, त्यांना रंगमंचापेक्षा पार्लमेंट अधिक प्रिय आहे.

टिफनी स्टर्न यांनी २००० साली तालमींच्या इतिहासावर जो ग्रंथ सिद्ध केला, तो या क्षेत्रातील खरा उपकारक ग्रंथ होय. त्या काळचा नट आपली नक्कल घेऊन घरी बसे, स्वतःची भाषणे आणि त्यांच्या आधीचे सूचक शब्द तेवढे पाठ करी, आणि सर्वांनी मिळून करावयाच्या तालमी मोजक्याच होत, हे त्यावरून स्वच्छ दिसते. आता विचारावयाचा प्रश्न असा की, ज्याच्या नकलेत शब्दच नाही त्याने घरी बसून काय पाठ करावे? मूकनाट्यातील देवदेवतांचा गंभीर भाग गायला जाई, त्याची पदे छापली जात; पण हार्लेक्विनचा विनोदी भाग बहुतांशी निःशब्द, म्हणून तो एकट्याने बसवणे अशक्य. त्याची लाकडी तलवार जिथे पडेल तिथे त्याच क्षणी देखावा पालटला पाहिजे. तो खिडकीतून उडी घेईल तेव्हा पलीकडे झेलणारे हात हजर पाहिजेत. नट, नर्तक, वादक आणि सुतार यांना एका तालात बांधणे हे या कलेचे व्याकरणच होते. १७३६ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाटकगृहात उडत्या यंत्राच्या तारा तुटून माणूस प्राणास मुकला, यावरून तिथे चुकीला किती थोडी मुभा होती हे उमजावे.

या शिस्तीचा पाया जॉन वीव्हर या नृत्यशिक्षकाने घातला. १७१७ साली लंडनच्या ड्रूरी लेन नाटकगृहात त्याने मार्स आणि व्हीनस यांच्या प्रणयाची कथा शब्दावाचून उभी केली, आणि सोबत छापलेल्या पुस्तिकेत प्रत्येक भावाची मुद्रा नोंदवली: मत्सर दाखवताना मधले बोट डोळ्याकडे न्यावे, क्रोधात उजव्या हाताचा डाव्यावर एकाएकी आघात करावा. ही केवळ वर्णने नव्हेत. हा तालमीचा दाखला आहे.

रिचने हेच बीज फुलवले. सूर्याच्या उष्णतेने अंडे तडकते, आतून हार्लेक्विन बाहेर येतो, प्रथम अवयवांत कंप, मग पायाखालच्या भूमीची ओळख, मग उभे राहणे, आणि अखेर रिकाम्या कवचाभोवती चपळ पदन्यास. त्याच्या या प्रवेशाचे वर्णन करणाऱ्या जॉन जॅक्सनने १७९३ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती अशी की, रिच इतरांनाही देहाची भाषा शिकवण्यात निष्णात होता आणि त्याच्या नाट्यांत दुय्यम भूमिका वठवणारे अनेक नट त्याच्याच हाताखाली घडले. अंड्याचे कौतुक सर्वांनी केले; त्या शिक्षकाचे कोणी केले नाही.

उलट उपहास मात्र उदंड झाला. कुप्रसिद्ध चोर जॅक शेपर्डच्या फाशीला पंधरवडाही उलटला नव्हता तो ड्रूरी लेनने त्याच्यावर मूकनाट्य आणले, आणि चित्रकार होगार्थने १७२४ च्या आपल्या चित्रात बूथ, विल्क्स आणि सिबर या तिघा व्यवस्थापकांना हातात बाहुल्या घेऊन तसल्याच नाट्याची तालीम करताना दाखवले. शौचकूपात शेक्सपिअरची पाने, झडपेतून वर येणारे बेन जॉन्सनचे भूत! चित्र थोर आहे, न्याय खोटा आहे. ज्या लुइस थिओबाल्डने रिचसाठी लेखन केले, त्यानेच शेक्सपिअरची संहिता शुद्ध करण्यात आयुष्य वेचले. मग मूकनाट्य हे शेक्सपिअरचे वैरी कसे? कवी पोपने थिओबाल्डला मूर्खांचा राजा ठरवले, आणि आमचे समीक्षक अद्याप पोपचाच निवाडा शिरोधार्य मानतात. पुढे ड्रूरी लेनचे देखावे रंगवणाऱ्या लूथरबुर्गच्या नेत्रदीपक पडद्यांना मी या चर्चेत स्थान देत नाही. तिथे चित्रकार जिंकला, नट हरला.

सर्वांत मोठा अन्याय विख्यात नट गॅरिकच्या नावाने होतो. १७४७ नंतर ड्रूरी लेनचा व्यवस्थापक म्हणून त्याने तालमींना शिस्त लावली, हे निर्विवाद. पण त्या शिस्तीचे जनकत्व त्याच्या पदरी घालणे म्हणजे आधीच्या तीस वर्षांचे दप्तर जाळून टाकणे होय. राजाची सनद असलेल्या याच नाटकगृहांत बोलके नट आपापल्या नकला घोकत होते, तेव्हा सांघिक तालीम ज्यांच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न होती, ते मूकनाट्याचे लोक होते. गॅरिक स्वतः १७४१ मध्ये गुडमन्स फील्ड्स नाटकगृहात हार्लेक्विनचा वेश चढवून काही प्रवेश करून गेला होता. ही विद्या त्याने जवळून पाहिली होती. पुढे १७५९ मध्ये त्याने हार्लेक्विनला वाचा दिली, आणि माझ्या मते तिथेच या कलेच्या ऱ्हासाला आरंभ झाला, कारण शब्द हाती येताच देहाच्या तालमीची निकड उरत नाही.

म्हणून माझे म्हणणे आग्रहाने मांडतो. ज्या कलेचे मर्म संहितेत उतरत नाही, तिचा इतिहास म्हणजे तिच्या तालमीचा इतिहास. तो वगळून रचलेली मीमांसा कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी ती दुसऱ्याच कशाची तरी मीमांसा ठरते. आणि ही नाट्ये जो कोणी पुन्हा उभी करू पाहील, त्याने यंत्रांवरचा खर्च निम्म्यावर आणावा आणि तालमीचे दिवस दुप्पट करावेत. वीव्हर आणि रिच यांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग नाही.