मुलांना दिंडीपुरते बोलावू नका

या हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी ग्रंथोत्सवाची दिंडी पाहिली. साडेसातलाच शाळांच्या रांगा लागल्या होत्या. नऊवारी नेसून हातात पाटी घेतलेल्या पाच-सहा सावित्रीबाई, कापसाची दाढी चिकटवलेला एक तुकाराम, पुढे लेझीम, मध्ये झेंडूंनी सजवलेली पालखी आणि पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान. दिंडी मंडपाशी आली, पाहुण्यांनी पालखीला हार घातला, फोटो निघाले, मुलांच्या हातावर बिस्किटांचा पुडा पडला आणि शिक्षकांनी रांगा वळवून त्यांना शाळेत परत नेले. पुस्तकांचे गाळे मंडपाच्या मागच्या अंगाला होते आणि ते अजून उघडले नव्हते. पुस्तकांच्या उत्सवाला आलेली ही सगळी मुले एकाही पुस्तकाला हात न लावता गेली. त्यानंतर मंडपात ‘वाचनसंस्कृती: आव्हाने आणि उपाय’ या विषयावर परिसंवाद झाला. श्रोत्यांत मूल एकही नव्हते.

साहित्याचे उत्सव महाराष्ट्रात आज उदंड आहेत. अखिल भारतीय संमेलन अमळनेर, दिल्ली, सातारा असे फिरते आहे. त्याचे सरकारी अनुदान पन्नास लाखांवरून दोन कोटींवर गेले, तरी अध्यक्ष कोण, निमंत्रण कोणाला आणि जेवण कसे, यापलीकडे चर्चा जात नाही. महानगरांतल्या लिटफेस्टांत लेखक दिसतो, पुस्तक क्वचितच हाती लागते, तेव्हा त्यांच्यावर जागा खर्च करत नाही. ‘कोणतेही पुस्तक शंभर रुपयांत’ हा व्यापार आहे, त्याला उत्सव म्हणू नये. मला लिहायचे आहे ते गावातल्या, वॉर्डातल्या, घरच्या सगळ्यांना घेऊन जाता येईल अशा छोट्या उत्सवांबद्दल. आपल्या साहित्यव्यवहारात आज जिवंत काही असेल तर ते तिथे आहे, आणि त्याचीच आबाळ चालली आहे.

दुखण्याचे मूळ जुने आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात सभा भरवली ती ग्रंथकारांची. लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे हा तिचा हेतू होता आणि त्या काळी तो रास्तच होता. पण पुढे व्यासपीठ, अध्यक्ष, भाषण, ठराव हाच साचा गावोगावच्या संमेलनांनी उचलला. त्या साच्यात वाचक म्हणजे खुर्चीवर बसून ऐकणारा माणूस. मुलांना तर तिथे खुर्चीही नाही.

हा साचा पहिल्यांदा जोमाने मोडला तो ग्रंथालीने. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या चळवळीने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतले आणि ग्रंथयात्रा काढून पुस्तके गावोगाव नेली. पुस्तक वाचकाच्या दारी न्यायचे, हा तिचा बाणा. याचा परिणाम विक्रीपुरता राहिला नाही. १९७८ चे ‘बलुतं’ आणि १९८० चे ‘उपरा’ ग्रंथालीनेच काढले, आणि मराठी आत्मकथनाचा तोंडवळा बदलला. वाचक वाढवणे हे साहित्याबाहेरचे, कार्यकर्त्यांचे काम आहे असे मानणाऱ्या समीक्षकांनी ही दोन पुस्तके आठवावीत. पुस्तक नव्या घरात शिरते, तेव्हा त्या घरातून नवा लेखकही बाहेर पडतो.

त्याच जातीचे काम आज तुरळक ठिकाणी दिसते. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाचा उपक्रम रुजवला. वाचलेले पुस्तक आणायचे, दुसऱ्याचे घेऊन जायचे. अशा मांडवात माणसे काय करतात ते नीट पाहावे. कोणी आधी पहिले पान उघडून जुन्या मालकाचे नाव वाचतो, कोणी समासातल्या खुणा पाहतो. दहा वर्षांचा मुलगा फास्टर फेणेचे सुटत आलेले पुस्तक छातीशी धरून उभा असतो, कारण ठेवले तर दुसरा उचलील ही भीती. आजोबा ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या टेबलापाशी, आई पाककृतींपासून हळूहळू कथासंग्रहांकडे सरकलेली. तासाभराने तिघांच्या पिशवीत तीन पुस्तके असतात. भाषण एकही झालेले नसते. कुटुंबाचा साहित्योत्सव तो हाच.

औदुंबरला कृष्णाकाठी सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन संक्रांतीला भरते. स्वातंत्र्याच्या आधीपासूनची ही परंपरा कवी सुधांशूंसारख्यांनी जपली. तारीख कोणाला विचारावी लागत नाही, आणि सणाच्या दिवशी घरचे सगळे बरोबर येतात. भिलारला २०१७ पासून घरांच्या ओसरीवर आणि खोल्यांत पुस्तके मांडलेली आहेत. पर्यटनखात्याचा सूर तिथे कधी कधी खटकतो, पण मूल दिवसभर फुकट वाचत बसू शकते, त्याला कोणी उठवत नाही, ही गोष्ट लहान नाही.

पुण्याचा पुस्तक महोत्सव मात्र मला दोन मनांत टाकतो. २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर लोटणारी गर्दी खरी आहे. ती पुस्तके विकत घेते, मुलांना खांद्यावर बसवून येते. ‘पुणेकर वाचत नाहीत’ म्हणणाऱ्यांची तोंडे तिने बंद केली, आणि त्याबद्दल आयोजकांचे उघड कौतुक केले पाहिजे. पण पहिल्याच वर्षी तीन हजारांवर पालकांनी एकाच वेळी मुलांना गोष्ट वाचून दाखवली ती विश्वविक्रमासाठी. मुलाला गोष्ट वाचून दाखवणे ही घरातली सगळ्यांत खाजगी गोष्ट. मूल मध्येच थांबवते, मागचे पान उलटायला लावते, ‘हा रडतो का?’ विचारते. विक्रमाच्या घड्याळाला हे थांबणे परवडत नाही. मूल वाचायला शिकते ते मात्र त्या थांबण्यातच.

हाच विक्रमी उत्साह शाळेच्या वर्गात रोज पंधरा मिनिटे लावला तर? माधुरी पुरंदऱ्यांचे ‘राधाचं घर’ मोठ्याने वाचून पाहा. साध्या वाक्यांत आणि लेखिकेनेच काढलेल्या चित्रांत अख्खे घर उभे राहते आणि पाच वर्षांचे मूल आपल्या घराशी ते ताडून पाहू लागते. मराठीत मुलांसाठी असे उत्तम लेखन आहे, ज्योत्स्ना प्रकाशनासारखे प्रकाशक आहेत, १९७१ पासून चालणारे ‘किशोर’ आहे. तरी किती स्थानिक संमेलनांत बालसाहित्याला दुपारच्या जेवणानंतरच्या पेंगुळल्या तासापेक्षा बरी वेळ मिळते?

‘मुले मोबाइल सोडत नाहीत’ हे उत्तर मला नको. मोबाइल मुलाच्या हातात चोवीस तास आहे, पुस्तक त्याच्या गावात वर्षातून दोन दिवस येते आणि तेही मंडपामागे. आणि ‘निधी नाही’ हेही नको. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. लोकांनी वर्गणीतून वाचनालये उभारली तेव्हा कोणत्या सरकारचे दोन कोटी होते? १९६७ च्या कायद्याने राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले गेले. आज त्यातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षभर मिळणारे अनुदान मोठ्या संमेलनाच्या मंडपाच्या भाड्यापुढे काहीच नाही. ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी दोन तास दार उघडतो, आणि त्याच्या गावात होणाऱ्या ग्रंथोत्सवात त्याला हारांचा हिशेब ठेवायला बसवतात.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. स्थानिक साहित्योत्सवाचा यजमान गावचे वाचनालयच असले पाहिजे, दुसरे कोणी नको. खर्चातला निम्मा पैसा पुस्तकांसाठी राखून ठेवावा आणि ती पुस्तके उत्सवानंतर त्याच वाचनालयात राहावीत. मुलांचा कोपरा मुख्य मंडपात असावा, पुढाऱ्यांची भाषणे मागच्या मंडपात गेली तरी साहित्याचे काही बिघडत नाही. उत्सवाचा अहवाल उपस्थितीच्या आकड्यावर लिहू नये. पुढच्या तीन महिन्यांत किती नवी मुले सभासद झाली आणि त्यांनी किती पुस्तके नेली, ते त्यात लिहावे. हे आकडे वाचनालयाच्या नोंदवहीत आयतेच मिळतात, त्यांना वेगळी समिती लागत नाही.

तुमच्या गावात यंदा ग्रंथोत्सव किंवा संमेलन होणार असेल, तर आयोजकांना आजच जाऊन एवढे विचारा: दिंडीतली मुले मंडपाशी पोचल्यावर त्यांच्यासाठी गाळे उघडे असतील का, आणि प्रत्येकाच्या हाती एक पुस्तक पडेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपली मुले त्या दिंडीत पाठवू नका. त्या सकाळी त्यांना गावच्या वाचनालयात घेऊन जा आणि त्यांचे नाव सभासद म्हणून नोंदवा.