चुलीपाशी दिलेली साक्ष : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

एका प्रायश्चित्तकाळात मी प्रवचनामध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या औदार्याचा दाखला दिला होता. दारी आलेल्या गरजूला घरातील वस्तू उचलून देणारा हा कवी ख्रिस्ताचा कसा थोर साक्षीदार होता, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. मिस्सा संपल्यावर एक वयस्कर बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “फादर, ते सगळं खरं. पण त्या दिवशी त्यांच्या घरची चूल कशी पेटली, ते तुम्ही सांगितलं नाही.” मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतले. कारण तो प्रश्न खुद्द लक्ष्मीबाईंचाच होता.

१९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी साहित्याचे भूषण मानले जाते. आपल्याला तर ते भूगोलानेही जवळचे आहे. टिळकांचे ख्रिस्ती आयुष्य बव्हंशी अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात गेले. सावेडीतून मनमाडच्या रस्त्याने निघाले की तासाभरात राहुरी येते. तेथेही या दांपत्याचा संसार झाला. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ऐक्यविषयक आदेश काढून, विभक्त बंधुभगिनींच्या जीवनातील ख्रिस्ताची देणगी आनंदाने ओळखावी, असे आपल्याला शिकविले. टिळकांची भजने आपण आपल्याच म्हणून गातो. लक्ष्मीबाईंचे गद्यही आपलेच मानायला हरकत नसावी.

या पुस्तकात श्रद्धेची गोष्ट स्वयंपाकघरातून सांगितली आहे, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य. आरंभीच वडिलांच्या कडक सोवळ्याचे वर्णन येते. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याविना घरात घ्यायचा नाही, अशी तऱ्हा. या सोवळ्याने घरातील बायकांचे हाल होतात, आणि लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात. पुढे १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. मुलाला घेऊन लक्ष्मीबाई नगरास आल्या, तेव्हाही त्यांनी आपली चूल व आपले पाणी वेगळे ठेवले होते. टिळकांनी ती चूल मोडली नाही. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, ही गोष्ट लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटली. मग त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानले नाही. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. परिवर्तन आधी पाण्याच्या घागरीपाशी घडले, मग बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यावर मुद्रा उमटवली.

दुसरे वैशिष्ट्य प्रामाणिकपणाचे. टिळकांचा तापटपणा, न सांगता घराबाहेर निघून जाणे, हातात पैसा न टिकणे, यांतले काहीही लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. पण त्या त्यांचा न्यायनिवाडाही करीत नाहीत. स्वतःची फजिती त्या तितक्याच मोकळेपणाने सांगतात. म्हणूनच पतीबद्दलची तक्रारही प्रेमाची वाटते. ख्रिस्ताचा भक्त जगाला उदार आणि घरच्यांना कठीण असू शकतो, हे कटू सत्य या पुस्तकाइतके निर्मळपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. असे असूनही वाचून झाल्यावर टिळकांविषयीचा आदर वाढतो. दोष झाकल्याने नव्हे, तर दोषांसह प्रेम केल्याने माणूस मोठा दिसतो.

आपल्या नियतकालिकांतून व तपसाधनेच्या शिबिरांतून ज्या ‘साक्षी’ येतात, त्यांच्याशी ताडून पाहावे. बहुतेकांचा साचा एकच : मी पापी होतो, प्रार्थना केली, आता सारे ठीक आहे. त्यांतील श्रद्धा खोटी नसते. परंतु घरातील इतर माणसे त्यांत कोठे दिसत नाहीत. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या सुवार्ताप्रसारविषयक पत्रात शिकविणाऱ्यापेक्षा जगून दाखविणाऱ्याचे महत्त्व सांगितले. जगून दाखविलेले प्रथम कोण पाहतो? घरचेच पाहतात. लक्ष्मीबाई या अर्थाने टिळकांच्या साक्षीच्या साक्षीदार आहेत.

बालकवी ठोंबरे टिळकांच्या नगरच्या घरी राहिले, तो भाग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. हा तरुण कवी ख्रिस्ती झाला नाही. तशी अट कोणी घातलीही नाही. त्याला घर मिळाले, माया मिळाली. त्याचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाई आईच्या नजरेने टिपतात. परधर्मीय शेजाऱ्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, यावर मी कितीही प्रवचने दिली तरी त्या घरातल्या वागण्याची सर त्यांना यायची नाही.

मात्र एक उणीव नोंदविल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही सोवळे सोडणाऱ्या बाईची कथा आहे. ज्यांना त्या सोवळ्याने शतकानुशतके दूर ठेवले, त्यांची नव्हे. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत महार आणि मांग वस्त्यांमधून जी कुटुंबे ख्रिस्ताकडे आली, ती लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात भेटतात, पण बहुधा मदत घेणारी म्हणून. त्यांचे मन आतून उलगडत नाही. हा दोष लक्ष्मीबाईंचा कमी आणि आपला अधिक आहे. त्यांनी स्वतःचे पाहिलेले लिहिले. दुसऱ्याचे लिहिल्याचा आव आणला नाही. केंदळ, संगमनेर या परिसरात जेज्वीट धर्मगुरूंचे कार्य एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. त्या काळी गावाचा रोष पत्करून, गावकीची कामे व त्यांवरचे हक्काचे बलुते यांचा प्रश्न उभा राहिला असताना, श्रद्धेला धरून राहिलेल्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांचे ‘स्मृतिचित्रे’ कोठे आहे? धर्मग्रामाच्या वहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे. त्या दिवशी घरी काय शिजले, शेजारी कोण बोलायचे थांबले, हे कोणत्याही वहीत नाही.

लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. लिहिण्यासाठी विद्वत्ता लागते, ही सबब त्यांच्या पुस्तकाने कायमची मोडीत काढली आहे. घरात आजी असेल तर तिच्यापाशी बसावे, तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि त्यातील भांडणे गाळू नयेत.

त्या वयस्कर बाईंना मी पुढच्या रविवारी एवढेच सांगितले की, चूल पेटली असेल तर ती लक्ष्मीबाईंनी पेटवली. त्या हसल्या. “मग प्रवचनात त्यांचंही नाव घ्या की, फादर,” असे म्हणाल्या. तेव्हापासून मी ते घेतो.