भिंत रंगवून झाल्यावर

जून उजाडला की विरार लोकलमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, पाठीवर भली मोठी रकसॅक घेतलेलं कुणीतरी दारापाशी अंग चोरून उभं असतं आणि आजूबाजूचे त्या रकसॅकला शिव्या घालत असतात. हिमालयातून आलेलं असतं बिचारं. नालासोपाऱ्याला उतरताना तीच रकसॅक चार जणांना लागते. मग आठवडाभरात त्याचा किंवा तिचा लेख येतो.

आधी नुसत्या ट्रेकचे लेख यायचे. आता त्यात सेवा आली आहे. पाच दिवस पायथ्याच्या गावात राहायचं, शाळेत शिकवायचं, भिंत रंगवायची, घरातल्या चुलीपाशी बसून मंडुव्याची रोटी खायची आणि मग सहा दिवस वर चढायचं. ट्रेक, समाजकार्य आणि संस्कृतीची ओळख, सगळं एकाच पॅकेजात. याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. मी स्वतः गेले होते आणि पुन्हा जाईन. माझं भांडण त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या लेखाशी आहे, कारण तो लेख मीही लिहिला होता.

त्या लेखाचा साचा तुम्हाला पाठ असेल. सुरुवातीला शहराचा कंटाळा, ऑफिस, लोकलची गर्दी. मग गावातलं एक मूल: लाल गाल, वाहतं नाक, निरागस हसू. मग ‘यांच्याकडे काही नाही, तरी किती आनंदी आहेत’. मग चढण, धाप, ‘माझ्याच्याने होणार नाही’, आणि पहाटे शिखरावर डोळ्यांत पाणी. शेवटी हुकमी वाक्य: मी त्यांना द्यायला गेले होते, पण त्यांनीच मला भरभरून दिलं.

हे शेवटचं वाक्य नम्र वाटतं. पण नीट बघितलं तर ती जमेची नोंद आहे. मला काय मिळालं, हे लेखाने सांगितलं. गावाला काय मिळालं, गावाने काय मागितलं होतं, आपण काय नाकारलं, याची पाटी कोरी. ज्यांच्यासाठी गेलो ते लोक त्या लेखात हसतात, चहा देतात, हात हलवून निरोप देतात. बोलत मात्र नाहीत.

माझ्या लेखातही एक बाई बोलली नव्हती. तिच्याकडे शेवटी येते.

*

प्रवासाला निघताना माणूस कशासाठी निघाला, हे लपवायची मराठीत जुनी सवय नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास उत्तरेला निघाले ते घरच्या कर्जापायी, दक्षिणा मिळेल या आशेने. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला तेव्हा ते हयात नव्हते, पण आपण पैशासाठी निघालो हे त्यांनी सरळ लिहून ठेवलेलं होतं. म्हणून पुढे झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या या भटजींवर आपला विश्वास बसतो. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात पायी फिरले आणि त्यावर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिलं. ते साधनेच्या ओढीने गेले होते. भिक्षुक असो की साधक, तो घ्यायलाच जातो आणि तसं सांगतो.

आमच्या लेखात गोची होते ती इथे. आम्हीही घ्यायलाच जातो. डोंगर हवा असतो, फोटो हवे असतात, कधी सीव्हीत एक ओळ हवी असते. यात लाजण्यासारखं काही नाही. पण पॅकेजात सेवा असल्यामुळे देणाऱ्याचा आवाज काढावा लागतो, आणि तो आवाज खोटा निघतो.

मग डोंगर आणि सेवा एकत्र जमतच नाहीत का? जमतात. एडमंड हिलरींचं उदाहरण घ्या. एव्हरेस्टनंतर काही वर्षांनी त्यांनी शेर्पांना विचारलं की तुमच्यासाठी काय करू, आणि उत्तर आलं, शाळा. १९६१ मध्ये खुमजुंगची शाळा उभी राहिली. मग दुसऱ्या गावांनीही शाळांसाठी अर्ज केले. १९६६ मध्ये कुंदेचं हॉस्पिटल झालं. त्या काळावरच्या त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘स्कूलहाउस इन द क्लाउड्स’, १९६४ चं. क्रम बघा: आधी गावाने मागितलं, मग पाहुण्याने केलं. आमच्या सेवेत भिंतीचा रंग बोरिवलीला गाडी पकडण्याआधीच ठरलेला असतो.

पण हिलरींची गोष्टही गोड शेवटाची नाही, आणि म्हणूनच ती वाचण्यासारखी आहे. बांधकामाचं सामान आणायला सोपं जावं म्हणून त्यांच्या देखरेखीखाली १९६४ मध्ये लुक्लाची धावपट्टी तयार झाली. पुढे त्याच धावपट्टीने जगभरचे ट्रेकर्स खुंबूत आणून सोडले. त्यांच्याबरोबर कचरा आला, सरपणासाठी झाडं तुटली. पैसाही आला, लॉज आले, शेर्पांच्या मुलांना नवे रस्ते खुले झाले. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे दहा-वीस वर्षांनी मागे वळून बघावं लागतं. आमचे लेख परतीच्या गाडीतच लिहून होतात.

*

साचा जास्तच घट्ट बसला की काय होतं, त्याचंही उदाहरण डोंगरातलंच आहे. ग्रेग मॉर्टेनसन यांचं ‘थ्री कप्स ऑफ टी’ २००६ मध्ये आलं आणि जगभर लाखांनी खपलं. १९९३ मध्ये के-टूची चढाई फसलेला गिर्यारोहक वाट चुकून कोर्फे नावाच्या बाल्टी गावात पोचतो, गाव त्याची शुश्रूषा करतं, आणि तो शाळा बांधायचं वचन देतो, अशी त्याची सुरुवात. २०११ मध्ये पत्रकार जॉन क्राकाउर यांनी या कथेतल्या अनेक गोष्टींवर, या सुरुवातीवरसुद्धा, प्रश्न उभे केले. २०१२ मध्ये मोंटाना राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली आणि तडजोडीत मॉर्टेनसन यांनी संस्थेला दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम परत करायचं ठरलं.

शाळा अजिबात बांधल्याच नाहीत, असं नाही. मला खटकतं ते वेगळंच. ही सुरुवात इतकी वर्षं कुणाला का खटकली नाही? कारण ती आपल्याला हवी तशी होती. हरलेला पाहुणा, प्रेमळ गाव, वचन. त्या गावातल्या कुणी स्वतःची हकिकत लिहिलेली आपल्या हातात नव्हती, आणि नाही म्हणून आपलं अडलंही नाही. साचा खोटं बोलायला लावतो असं नाही, पण खोटं खपवायला तो फार सोयीचा असतो.

*

याच्या उलट लिखाण कसं असतं, ते शोधायला मला हिमालयात जावं लागलं नाही. विरारहून डहाणू लोकल पकडली की झालं.

गोदावरी परुळेकर पुण्याच्या, कायदा शिकलेल्या. १९४५ च्या आसपास तलासरी-डहाणूच्या वारली पाड्यांवर त्या फिरू लागल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजच्या भाषेत हेही बाहेरून आलेल्या बाईचं ‘इमर्शन’च. पण त्यात वारल्यांची गरिबी देखणी नाही. तिला नावं आहेत: वेठबिगार, सावकारी, लग्नगडी. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी मालकाकडे राबणारा तो लग्नगडी. हा एक शब्द कळला की ‘काही नाही, तरी किती आनंदी’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. का नाही, कुणामुळे नाही, हे आधी विचारावं लागतं. आणि पुस्तकाच्या नावातला जागा होणारा माणूस म्हणजे वारली. लेखिका नव्हे. आमच्या लेखांत जागे होतो ते नेहमी आम्हीच.

दुसरं उदाहरण कोसबाडचं. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळा काढली तरी आदिवासी मुलं येईनात. मग अंगणवाडी पाड्यावर गेली. मोठी मुलं गुरांमागे असायची, तेव्हा कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शाळा. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचं आत्मकथन मी सेवेचं पुस्तक म्हणून वाचायला घेतलं होतं. मला ते नकाराचं पुस्तक वाटलं. मुलांचं न येणं हेच त्यांचं उत्तर होतं, आणि त्या उत्तराने बाईंची योजना बदलली. आमच्या पाच दिवसांत योजना बदलायला जागाच नसते. सहाव्या दिवशी वर चढायचं असतं.

या दोघींनी आयुष्य दिलं, आम्ही रजा टाकून जातो; तुलना अन्यायाची आहे, मान्य. पण मी कामाची तुलना करत नाही, वाक्यांची करते आहे. पाच दिवसांच्या मुक्कामातही खरं वाक्य लिहिता येतं.

मंडुव्याचंच घ्या. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तिचीच भाकरी खातात. ती मी अनेकदा खाल्ली आहे, आणि एकदाही तिच्यावर लिहिलेलं नाही. गढवालात तीच भाकरी ‘संस्कृती’ झाली, कारण तिच्यामागे बर्फ होता.

किंवा बुग्यालांचं. वरची ती हिरवी कुरणं, आमच्या प्रत्येक लेखात मखमली गालिचा होऊन येणारी. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि दिवसाला २०० पर्यटकांची मर्यादा घातली. याचिका होती आली-बेदिनी-बागजी बुग्याल संरक्षण समितीची, म्हणजे तिथलीच. एकीकडे कुरण वाचवायला निघालेली माणसं, दुसरीकडे तंबू आणि खेचरांवर पोट असलेली माणसं. त्यावर मी ट्रेकर्सचे जे लेख वाचले त्यात एकच सूर होता: आता रूपकुंड कसं होणार? ज्या गावावर आपण आठवडाभर प्रेम करतो त्या गावात असा पेच पडतो, तेव्हा लिहिणाऱ्याने त्यात उतरायला हवं. तिथेच तर गावाचा आवाज ऐकू येतो.

मला आवडलेलं या जातीचं लिखाण आमच्याकडेच सापडलं, आणि तेही व्हॉट्सॲपवर. वसईच्या किल्ल्यात दुर्गसंवर्धनाला जाणारी पोरं रविवारी रात्री ग्रुपवर टिपण टाकतात. आज कुठल्या विहिरीतला गाळ काढला, कुठल्या भिंतीतलं पिंपळाचं रोप उपटलं, किती गोण्या प्लास्टिक निघालं, पुढच्या वेळी कोयते जास्त आणा. त्यात डोळ्यांत पाणी नसतं. पण पुढच्या रविवारी त्यांना तिथेच तोंड दाखवायचं असतं, म्हणून थापा मारता येत नाहीत. परत जायचं असलं की भाषा आपोआप सरळ होते.

*

आता ती बाई. शाळेत दुपारचं जेवण शिजवणाऱ्या बाईला उत्तराखंडात भोजनमाता म्हणतात. आम्ही भिंतीवर फुलपाखरू काढत होतो. ती आली, थोडा वेळ बघत उभी राहिली. मी मुंबईकडे ऑफिसात काम करते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाली, “दीदी, एक अर्ज़ी लिख दोगी? रसोई में नल चाहिए.” स्वयंपाकाचं पाणी ती खालच्या धाऱ्यावरून भरून आणायची. मी ब्रश दाखवला आणि म्हटलं, वरून उतरलो की लिहिते. उतरलो तेव्हा गाडी थेट रस्त्यावर लागली होती. गावात गेलोच नाही.

अर्ज लिहायला दहा मिनिटं लागली असती. त्या अख्ख्या गावात मला नक्की येत होतं ते एवढंच काम, आणि मागितलेलंही तेवढंच. माझ्या लेखात फुलपाखरू आलं, त्याचा फोटो आला. ती बाई आली नाही, कारण ती आली असती तर शेवटचं वाक्य लिहिता आलं नसतं.

या लेखासाठी जुना लेख काढून वाचला आणि लाज वाटली. आमच्या तिथल्या गाइडचा नंबर होता. अर्ज लिहिला, वर्षभर उशिरा, आणि त्याला पाठवून म्हटलं की तिच्याकडे पोचव. दोन दिवसांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यात मागे तिचाच आवाज होता, हसत होती. नल कधीच लागला होता. बायकांनी मिळून गावातल्याच कॉलेजच्या पोराकडून अर्ज लिहून घेतला होता. मग तिने विचारलं, “दीदी, वो तितली का रंग उतर गया है. अब कौन लगाएगा?”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. जुना लेख मात्र काढून टाकलेला नाही. त्याच्या खाली हे सगळं जोडलं आहे, तारखेसह.