बरंय!

परवा वरच्या ऑफिसातून आमच्या शाखेत एक प्रश्नावली आली. कर्मचाऱ्यांचा मानसिक ताण मोजायचा होता. २० विधानं, प्रत्येकापुढे पाच रकाने: 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. रकान्याला एक ते पाच गुण. बेरीज केली की ताण तयार! ६०च्या वर गेला तो तणावग्रस्त. मला पडले ६१, शेजारच्या काउंटरवाल्याला ६०. त्याच्या घरी दोन महिने आजारपण, डोळ्याला डोळा नाही. तरी कागदावर तो ठणठणीत!

ही पाच रकान्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन गृहस्थानं १९३२ साली मांडली. रकान्यांना क्रम आहे, कबूल. पण क्रम म्हणजे अंतर नव्हे. आमच्या नेवाशात 'कसं काय?' विचारलं, तर उसाचं बिल जमा झालेलाही 'बरंय' म्हणतो आणि मोटार जळालेलाही 'बरंय'च म्हणतो.

शहाणे शास्त्रज्ञ म्हणूनच नुसती बेरीज टाळतात. त्यांच्या मते ताण प्रवरेच्या पाण्यासारखा सलग चढतो. रकाने म्हणजे घाटाच्या पायऱ्या. त्या लहानमोठ्या असल्या तरी चालतं. फक्त एक गृहीत धरायचं: लोकांमधला ताण घंटेच्या आकारात पसरलाय, मध्ये गर्दी आणि टोकांना विरळ.

पण याचा ताळा कसा घ्यायचा? एका प्रश्नावरून तो घेताच येत नाही. उत्तरं कशीही येवोत, पायऱ्या सरकवल्या की घंटा बसतेच! एकच वही असली की ती स्वतःशी जुळतेच. दुसरी समोर आली की चूक सापडते. दोन प्रश्न एकत्र मांडले की पाच पंचे पंचवीस घरं होतात. सरकवायला पायऱ्या मात्र आठच, वर दोघांतल्या संबंधाचा एक आकडा. मग लबाडीला जागा उरत नाही.

'हो-नाही'च्या प्रश्नांत मात्र दोन वह्याही पुरत नाहीत. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली अशा दुहेरी उत्तरांमागेही घंटा धरली. १९१२ साली यूल यांनी त्यांना टोकलं: देवीनं मेलेले सगळे सारखेच मेलेले असतात, त्यात कमीजास्त कसलं?

माझं भांडण गणिताशी नाही. ताळा न घेता सही ठोकणाऱ्यांशी आहे.

संध्याकाळी शेजाऱ्याला विचारलं, "कसं काय?"

"बरंय," तो म्हणाला.

मी त्याला चहाला नेलं. दोन कप संपले तरी तो बोलतच होता. त्यातलं कुठल्या रकान्यात भरायचं, ते मला अजून कळलेलं नाही.